पत्र्याखालची उष्णता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मे महिन्यात भर दुपारी वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत आपण बैठक सुरू करतो आणि अर्ध्या तासात सारे उठून बाहेर झाडाखाली जातो. ‘यंदा ऊन फार’ म्हणून विषय संपतो. परंतु हवा दोन्हीकडे तीच असते. फरक छपराचा आहे, आणि तो मोजता येतो.

उष्णता घन पदार्थातून वहनाने जाते, हवेबरोबर अभिसरणाने जाते आणि कोणत्याही माध्यमावाचून प्रारणाने जाते. पत्र्याखाली डोक्याला जी धग लागते ती मुख्यतः प्रारणाची. म्हणूनच पंखा फिरत असूनही ती हटत नाही.

पदार्थाची जाडी भागिले त्याची वाहकता म्हणजे त्याचा उष्णतारोध. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा रोध एककाच्या लाखाव्या हिश्शाइतका, म्हणजे शून्यच. जो थोडा रोध मिळतो, सुमारे ०.२, तो पत्र्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या हवेच्या थरांचा. पत्रा ६० अंशांपर्यंत तापला, तर दहा बाय बाराच्या खोलीत वरून एक किलोवॅटच्या शेगडीहून अधिक उष्णता उतरते. ती शेगडी डोक्यावर घेऊन बाई खाली दुसरी शेगडी पेटविते.

पत्र्याखाली पाच सेंटिमीटर रॉकवूल बसविले, तर एकूण रोध दीडच्या घरात जातो आणि आत येणारी उष्णता सातव्या हिश्शावर येते. गवताने शाकारलेल्या जाड छपराचा रोधही याहून कमी नव्हता. पण त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आग, गळती आणि दरसालची शाकारणी यांना कंटाळूनच माणसे पत्र्याकडे वळली. थर्माकोल स्वस्त पडतो, पण चुलीच्या घरात तो उघडा लावू नये. तो पेट घेतो. चुन्याचा पांढरा हात हा सर्वांत स्वस्त उपाय. तो ऊन परतवितो, मात्र पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो. आणि वायुवीजन नसेल, तर रोधक छपराखालची खोली स्वयंपाकाची व माणसांची उष्णता रात्रभर धरून ठेवील, हेही लक्षात असू द्या.

आता कायद्याकडे पाहू. केंद्राच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी छपरातून जाणाऱ्या उष्णतेला १.२ ही मर्यादा घातली. उघड्या पत्र्याचा हाच आकडा पाचच्या आसपास येतो. परंतु ती संहिता लागू केली गेली ती ५०० चौरस मीटर वा अधिक भूखंडावरील बांधकामांना! ज्याच्या छपराला रोध मुळीच नाही, तोच नेमका तिच्या बाहेर राहिला. भाडेकरूने पदरचे पैसे घालून छप्पर सुधारावे, तर छप्पर मालकाचे.

आपल्या मागणीपत्रांतही ‘पक्के छप्पर’ एवढेच लिहिलेले असते. जनगणना पत्र्याला टिकाऊ साहित्यात धरते, त्यामुळे पत्रा घातला की ती मागणी कागदावर मान्य झालेली असते. पुढच्या मसुद्यात त्या दोन शब्दांपुढे १.२ हा आकडा घालावा, अशी माझी सूचना आहे.