कर साखरेवर बसवा

मालावर कर म्हटला की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. तो शेवटी गरिबाच्याच खिशातून जातो. पण मधुमेहाचे औषधही त्याच खिशातून येते ना?

ब्रिटनने २०१८ साली गोड पेयांवर कर बसविला, तो कारखानदारावर आणि साखर मोजून. १०० मिलिलिटरमागे साखर ५ ग्रॅमहून कमी, तर कर माफ. ८ ग्रॅम वा अधिक, तर त्या वेळी लिटरमागे २४ पेन्स होता. पुष्कळ कारखानदारांनी कर टाळण्यासाठी साखरच उतरविली!

आपल्याकडे कोलासारख्या शीतपेयांवर ४० टक्के वस्तु-सेवा कर आहे. पण पेय साखरेचे असो वा बिनसाखरेचे, दर एकच. मग कारखानदार साखर कशाला कमी करील? आमचे मागणे एवढेच: सरकारने बाटलीतली साखर मोजावी आणि तिच्यावर कर घ्यावा.