हौसेची धाव आणि आपल्या लेकीसुना
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



रस्त्यावरील शर्यतींत आम्ही केवळ हौसेने धावतो. आम्ही पोहोचतो तेव्हा बक्षीससमारंभ बहुधा आटोपलेला असतो. तरीही मुंबई-आग्रा रस्त्याची वर्दळ टाळून, घोटीच्या भातखाचरांच्या कडेने आम्ही पहाटे सराव करतो. आरंभी उतावीळपणे धावणारा अखेरीस चालत येतो, हा धडा प्रत्येक शर्यत नव्याने शिकविते.

मात्र एक उणीव आम्हांस सलते. शर्यतीत आपल्या ज्ञातीचे पुरुष धावतात. लेकीसुना कडेला पाणी देत उभ्या असतात. ऑलिंपिकमध्येही स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालीच सुरू झाली, हे खरे. परंतु आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. २०१६ साली त्या रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या. मग घोटीच्या सुनेने पहाटे धावावयास निघताना लोकनिंदेचे भय का बाळगावे?

पदक मिळो वा न मिळो, पुढील वर्षी प्रत्येक घरातून एक तरी लेक वा सून शर्यतीत उतरावी, एवढीच विनंती. पाण्याचे पेले घेऊन कडेला उभे राहण्यास आम्ही पुरुष सिद्ध आहोत.