पाकीट कुणाच्या नावाचे? : हिपा, राज्यांचे कायदे आणि आपले घर

(आपल्या मंचाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही. मी संशोधक आहे आणि माझे काम रुग्णांच्या नोंदींवर चालते. नावे-पत्ते काढून टाकलेल्या हजारो नोंदी माझ्या संगणकावरून जातात. वैद्यकीय गोपनीयतेचे प्रशिक्षण मी दरवर्षी घेतो, त्याची परीक्षा देतो आणि पासही होतो. अशा माणसाने स्वतःच्या घरात काय केले, तिथूनच सुरुवात करतो. मुलीला विचारून सांगतो आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कॉलेजात होती. विमा माझ्या नोकरीतून आणि ती माझ्या पॉलिसीवर. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमुळे मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत असे राहता येते, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. एका शनिवारी टपालात विम्याचे पाकीट आले. 'हे बिल नाही' असे वर छापलेला तो नेहमीचा कागद, एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स. पाकिटावर माझे नाव होते म्हणून मी उघडले. आत मुलीचे नाव, तारीख, एका क्लिनिकचे नाव आणि पुढे दोन शब्द : सायकोथेरपी, पंचेचाळीस मिनिटे.

मी त्याच क्षणी फोन लावला. "काय झालंय तुला? आम्हाला का नाही सांगितलंस?" मग बायकोने फोन घेतला. संध्याकाळपर्यंत बातमी पुण्यात आईपर्यंत पोहोचली होती. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच प्रश्न विचारला, "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानंतर तिने थेरपीला जाणे बंद केले. एक अख्खे सेमिस्टर ती गेली नाही.

मला कोणी सांगितले? डॉक्टरांनी नाही, क्लिनिकनेही नाही. कायद्याच्या चौकटीत राहूनच ती माहिती माझ्यापर्यंत आली होती. हे कसे होते ते समजून घ्यायला मी नंतर कायदे वाचत बसलो. त्यातून जे कळले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

हिपा हा कायदा १९९६ चा. त्या नावातला 'पी' प्रायव्हसीचा, असा आपला समज असतो. तो पोर्टेबिलिटीचा आहे. नोकरी बदलली तरी विमा तुटू नये, हा मूळ हेतू होता. गोपनीयतेबद्दल त्यात एवढेच म्हटले होते की काँग्रेसने तीन वर्षांत स्वतंत्र कायदा करावा, आणि तो झाला नाही तर आरोग्य खात्याने नियम करावेत. ऑगस्ट १९९९ ची मुदत उलटली, काँग्रेसने कायदा केला नाही. मग खात्याने मसुदा काढला, त्यावर बावन्न हजारांहून अधिक सूचना आल्या, डिसेंबर २००० मध्ये नियम जाहीर झाले, २००२ मध्ये त्यांत बदल झाले आणि १४ एप्रिल २००३ पासून बहुतेक संस्थांना ते पाळणे बंधनकारक झाले. दवाखान्यात पहिल्यांदा गेल्यावर आपण न वाचता सही करतो तो कागद तेव्हापासूनचा.

पण त्याआधी काहीच नव्हते असे नाही. राज्यांचे कायदे होते. कॅलिफोर्नियाचा वैद्यकीय गोपनीयतेचा कायदा १९८१ चा आहे. न्यू यॉर्कने १९८८ मध्ये, एड्सची भीती शिगेला असताना, एचआयव्हीसंबंधीच्या माहितीसाठी खास संरक्षण देणारा कायदा केला. तपासणी करून घेतली तर नोकरी जाईल, घर जाईल, या भीतीने लोक तपासणीलाच येत नव्हते. माहिती गुप्त राहील याची हमी दिल्याशिवाय माणूस उपचाराला येत नाही, हे राज्यांनी अनुभवाने शिकले होते.

मग फेडरल नियम आल्यावर राज्यांच्या या कायद्यांचे काय झाले? आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. सर्वसाधारणपणे फेडरल कायदा आणि राज्याचा कायदा यांचा झगडा झाला की फेडरल कायदा जिंकतो. हिपातही तसेच आहे. दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणे अशक्य असेल किंवा राज्याचा कायदा फेडरल उद्देशाच्या आड येत असेल, तर राज्याचा कायदा बाद. मात्र एक मोठा अपवाद आहे. राज्याचा कायदा रुग्णाच्या गोपनीयतेला अधिक संरक्षण देत असेल, किंवा रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा अधिक हक्क देत असेल, तर राज्याचा कायदा टिकतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर फेडरल सरकारने घराचे जोते बांधले. त्याच्या खाली कोणत्याही राज्याला जाता येत नाही. वर किती मजले चढवायचे, ते राज्याने ठरवायचे.

दोन्ही बाजूंची उदाहरणे देतो. काही राज्यांत प्रयोगशाळेला रक्ततपासणीचा निकाल थेट रुग्णाला देण्याची मनाई होती, तो डॉक्टरांमार्फतच मिळायचा. २०१४ मध्ये फेडरल नियम बदलले आणि असे कायदे बाद ठरले, कारण ते रुग्णाचा हक्क कमी करत होते. उलट टेक्सास पाहा. आपल्या नोंदी मागितल्या तर हिपात तीस दिवसांची मुदत आहे. टेक्सासच्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदी कामकाजाच्या पंधरा दिवसांत द्याव्या लागतात. इथे रुग्णाचा हक्क वाढतो, म्हणून टेक्सासचा कायदा टिकतो.

दुसरा मुद्दा दाद मागण्याचा. हिपाचा भंग झाला म्हणून तुम्हाला स्वतः खटला भरता येत नाही. आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करायची, तीही साधारणपणे एकशे ऐंशी दिवसांच्या आत, आणि वाट पाहायची. दंड झाला तरी तो सरकारजमा होतो. कनेक्टिकटमध्ये एका महिलेने आपल्या दवाखान्याला बजावून ठेवले होते की एका विशिष्ट पुरुषाला माझी माहिती देऊ नका. पुढे पितृत्वाच्या दाव्यात समन्स आले आणि दवाखान्याने तिला न कळवता सगळी फाइल न्यायालयाकडे पाठवून दिली. ती त्या माणसाने वाचली. २०१४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिपा असला तरी राज्याच्या कायद्याखाली दावा करता येतो, आणि २०१८ मध्ये डॉक्टरने गुप्तता मोडल्यास रुग्णाला भरपाई मागता येते हे मान्य केले. जोते फेडरल होते, पण तिला न्यायालयाचे दार राज्याने उघडून दिले.

आता माझ्या पाकिटाकडे येतो. विमा कंपनीने पैसे चुकते करताना माहिती वापरणे हिपाला मान्य आहे, त्यासाठी रुग्णाची वेगळी संमती लागत नाही. तो हिशेब पॉलिसी ज्याच्या नावाची त्याला जातो. सज्ञान मुलगी असो की पत्नी, तिच्या उपचारांचा तपशील असा घरातल्या कर्त्याच्या हाती येतो.

काही राज्यांनी हे ओळखले. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये तो आणखी कडक केला. आता तिथे मानसिक आरोग्य, पुनरुत्पादन अशा संवेदनशील उपचारांची पत्रे विमा कंपनीने थेट त्या व्यक्तीलाच पाठवायची असतात, पॉलिसीधारकाला विचारायचे कारण नाही. मॅसॅच्युसेट्सने २०१८ मध्ये असाच कायदा केला. रुग्ण आपला पत्ता देऊ शकतो, आणि संवेदनशील सेवांचा तपशील मोघम लिहायचा.

मग मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये होती, तिला हे संरक्षण का मिळाले नाही? कारण तो कायदा त्या राज्यातल्या विमा कंपन्यांना लागू आहे, आणि माझा विमा न्यू जर्सीतल्या नोकरीचा. शिवाय त्यात आणखी एक मेख होती, आणि इथल्या बहुतेकांना ती लागू पडेल. मोठ्या कंपन्या अनेकदा विमा विकत घेत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च त्या स्वतः करतात आणि विमा कंपनी फक्त कागदपत्रे सांभाळते. याला सेल्फ-फंडेड योजना म्हणतात. अशा योजनांना १९७४ च्या एरिसा या फेडरल कायद्यामुळे राज्यांचे विम्याचे नियम सहसा लागू होत नाहीत. कार्डावर नामांकित विमा कंपनीचे नाव असते, त्यामुळे आपल्याला पत्ताच नसतो. अमेरिकेत नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशा योजनांत आहेत. आयटी, औषध उद्योग, बँका, आपली मंडळी जिथे आहेत तिथे हेच चालते. म्हणजे राज्याने वर मजला चढवला तरी आपण पुन्हा जोत्यावरच.

जोत्यावर काय आहे? हिपात एक तरतूद आहे. माझी पत्रे वेगळ्या पत्त्यावर पाठवा, अशी विनंती कोणीही करू शकतो. दवाखान्याने वाजवी विनंती मान्य केलीच पाहिजे आणि कारण विचारायचे नाही. विमा योजनेला मात्र एक अट घालता येते : ही माहिती उघड झाल्यास मला धोका आहे, असे लिहून द्या.

आम्ही तो अर्ज मागवला. मुलीने माझ्यासमोर वाचला. 'धोका' या शब्दापाशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी हे तुमच्याबद्दल लिहू?" मी त्या दिवशी केलेला फोन मला आठवला. काय बोलावे ते सुचले नाही.

मंडळी, आमच्या घरात हा प्रश्न शब्दाचा होता. काही घरांत धोका खराच असतो. एच-फोर व्हिसावर आलेल्या बहिणींचा विचार करा. व्हिसा त्याच्या नोकरीमुळे, विमा त्याच्या नावाचा, टपालपेटीची किल्ली त्याच्याकडे. तिने अंगावरचे वळ डॉक्टरला दाखवले किंवा समुपदेशकाकडे गेली, तर पाकीट कोण उघडणार? तिच्यासाठी ही तरतूद जीव वाचवणारी ठरू शकते, आणि ती सेल्फ-फंडेड योजनेलाही लागू आहे. पण तिला हे सांगणार कोण? स्त्रियांसाठी काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा एक मुद्दा तरी आपल्या माहितीपत्रकात घालावा, अशी माझी विनंती आहे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. एक, हिपा दवाखाने, विमा योजना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांपुरता आहे. फोनवरची अ‍ॅप्स आणि थुंकी पाठवून जनुकांची तपासणी करून देणाऱ्या कंपन्या सहसा त्यात येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी दिवाळखोरीत गेली तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीच्या विक्रीविरुद्ध दोन डझनांहून अधिक राज्ये न्यायालयात गेली. वॉशिंग्टन राज्याने तर २०२३ मध्येच हिपाच्या बाहेरच्या आरोग्यविषयक माहितीसाठी कायदा केला. दोन, जोतेही अढळ नसते. गर्भपाताचा घटनात्मक हक्क २०२२ मध्ये गेल्यावर आरोग्य खात्याने २०२४ मध्ये अशा नोंदींना जादा संरक्षण दिले, आणि जून २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल न्यायाधीशांनी तो नियम रद्द केला. तेव्हा राज्याच्या विधिमंडळात कोण निवडून येते, याकडे आपण अध्यक्षीय निवडणुकीइतकेच लक्ष द्यायला हवे. मतदानाचा हक्क असलेल्यांनी तर नक्कीच.

व्यवहाराच्या गोष्टी सांगून संपवतो. कंपनीच्या एचआर विभागाला विचारा, आपली योजना सेल्फ-फंडेड आहे का? मूल अठरा वर्षांचे झाले की बहुतेक राज्यांत त्याच्या नोंदींवरचा आपला हक्क संपतो. अपघात किंवा आजारपणासाठी हेल्थ केअर प्रॉक्सीचा कागद करायचा असेल तर तो मुलाने आपणहून, समजून करावा. त्याची पद्धत प्रत्येक राज्यात वेगळी असते. आणि "हिपामुळे बोलता येत नाही" असे सांगून कोणी तुम्हाला परत पाठवले, तर हेही लक्षात ठेवा की रुग्णाची हरकत नसेल तर काळजी घेणाऱ्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलू शकतात, आणि तुमचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणताच कायदा अडवत नाही.

आपण अशा घरांतून आलो आहोत जिथे फॅमिली डॉक्टर रुग्णाआधी नातेवाइकांना सांगत. त्यात माया होती, हे मला मान्य आहे. पण आजार कुणाचा आणि तो सांगायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. व्यक्तिस्वातंत्र्यावर आपण या मंचावर वर्षानुवर्षे बोलतो. माझी परीक्षा एका पाकिटाने घेतली आणि मी नापास झालो.

मुलीने तो अर्ज भरला नाही. पुढच्या सेमिस्टरला ती पुन्हा थेरपीला जाऊ लागली. पाकिटे अजूनही माझ्याच नावाने येतात. मी ती न उघडता मोठ्या लिफाफ्यात घालतो आणि तिच्या पत्त्यावर पाठवतो. मध्यंतरी तिने आपणहून फोन केला आणि तासभर बोलली. काय बोलली, ते मी तुम्हाला सांगणार नाही.