झिओलाइट म्हणजे काय?

महाराष्ट्रातील काळ्या खडकात विहीर खोदली जात असताना सुरुंगाने फुटलेल्या दगडांत कधी कधी लहानमोठ्या पोकळ्या आढळतात आणि त्यांच्या आत पांढरे किंवा गुलाबी स्फटिक चमकत असतात. गावकरी त्यांना सरसकट गारा म्हणतात. मुले ते शाळेत आणून शिक्षकांपुढे ठेवतात. यांपैकी पुष्कळांना खनिजशास्त्रात ‘झिओलाइट’ असे नाव आहे. हाच शब्द पाणी मृदू करणाऱ्या यंत्राच्या माहितीपत्रकातून ग्रामपंचायतीच्या टेबलावरही येतो. त्याचा नेमका अर्थ ठाऊक नसेल, तर शाळेत मुलाचे कुतूहल अनुत्तरित राहते आणि पंचायतीत सार्वजनिक पैसा भलत्या कामी खर्च होण्याचा संभव असतो.

हा शब्द १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ आक्सेल फ्रेडरिक क्रॉनस्टेट यांनी योजला. एक खनिज ज्योतीत तापवले असता त्यातून वाफ निघून ते उकळल्यासारखे दिसले. ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी हे नाव तयार केले. झिओलाइट हे एका खनिजाचे नाव नसून खनिजांच्या एका कुळाचे नाव आहे. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्या कुळातील महाराष्ट्रात सापडणारी काही खनिजे होत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरले. थंड होणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या, खनिजे विरघळलेल्या पाण्यापासून त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. तथापि पोकळीतील प्रत्येक स्फटिक झिओलाइट नव्हे. काचेवर स्पष्ट ओरखडा काढतो तो बहुधा क्वार्ट्झ. सौम्य आम्ल टाकताच फसफसतो तो कॅल्साइट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेले निळे कॅव्हान्साइट स्टिल्बाइटच्या सोबतीने आढळते, परंतु त्याचे रासायनिक घटक वेगळे आहेत. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरूनच त्याचे नाव बनले आहे.

रसायनशास्त्रात झिओलाइटचे महत्त्व त्याच्या रचनेत आहे. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांचे अणू ऑक्सिजनने जोडले जाऊन एक जाळीदार सांगाडा तयार होतो. त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी आणि सोडियम, कॅल्शियम यांसारखे धन आयन सैलपणे वसलेले असतात. तापवल्यावर पाणी निघून जाते, पण सांगाडा बहुधा टिकून राहतो. आतील आयनांची बाहेरील आयनांशी अदलाबदलही होते. यामुळेच कृत्रिम झिओलाइट आज खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उत्प्रेरक म्हणून आणि धुण्याच्या पावडरीतही वापरले जातात.

जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. असे पाणी सोडियमयुक्त झिओलाइटमधून सोडले, की कॅल्शियम व मॅग्नेशियम आत अडकतात आणि सोडियम पाण्यात उतरते. काही काळाने ही क्षमता संपते. तेव्हा मिठाचे पाणी सोडून ती पुन्हा आणावी लागते.

येथेच एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. मृदू झालेले पाणी म्हणजे शुद्ध झालेले पाणी नव्हे. या क्रियेने रोगजंतू मरत नाहीत, तसेच फ्लोराइड आणि नायट्रेट हे ऋण आयन असल्याने तेही निघत नाहीत. पाण्यातील सोडियम मात्र वाढते. म्हणून असे यंत्र बसवले, तरी टीसीएल पावडरीने निर्जंतुकीकरण करण्याचे काम थांबवता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण जडपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा मात्र अवघी १ मिलिग्रॅम आहे. तेव्हा यंत्राचा विचार करण्यापूर्वी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्यातील दोष कोणता, हे निश्चित करणे हीच पहिली पायरी होय.

विहिरीच्या दगडातील चमकता स्फटिक शिक्षकाने वर्गात दाखवावा आणि त्याच शब्दाचा अर्थ पंचायत सदस्याने ठराव करण्यापूर्वी विचारावा. एका पारिभाषिक शब्दाचे नेमके ज्ञान गावाच्या आरोग्याच्या आणि निधीच्याही उपयोगी पडू शकते.