दोन यंत्रं, एक ठोका
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



वसईच्या किल्ल्याजवळ पाचूबंदरचा कोळीवाडा आहे. तिथल्या घरात भिंतीवर एक घड्याळ असतं आणि दारापुढे समुद्राचं दुसरं. ही दोन कधी जुळत नाहीत. आज भरती दुपारी बाराला आली, तर उद्या ती पाऊण तासाहून थोडी उशिराच येणार. म्हणून तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा ठोकताळा आपल्या किनाऱ्यावर आहे. ढोबळमानाने चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. यात चुकतं कुणीच नाही. भिंतीवरचं घड्याळ सूर्याचं ऐकतं आणि भरती मुख्यतः चंद्राचं.

ध्वनिमुद्रणात हाच प्रकार होतो, पण फार बारीक प्रमाणात. डिजिटल यंत्र आवाज सलग टिपत नाही, ते त्याची ठरावीक ठोक्यांवर मोजणी करतं. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा, चित्रपट-व्हिडिओसाठी ४८,००० वेळा. हा ठोका देतो क्वार्ट्‌झचा स्फटिक, आपल्या मनगटी घड्याळात असतो तसाच. प्रत्येक यंत्राचा स्फटिक वेगळा, आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. लाखात दोनाचा फरक तर अगदी सर्रास आढळतो.

लाखात दोन म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. समजा, पाचूबंदरात एका लग्नघरी मांडवात म्हाताऱ्या बायका गाणी म्हणताहेत आणि पलीकडे ढोलकी वाजतेय. तुम्ही एक रेकॉर्डर बायकांपाशी ठेवला, एक ढोलकीपाशी. ही गाणी कागदावर नाहीत, चार-सहा जणींच्या तोंडात आहेत. पुढच्या लग्नसराईत त्या सगळ्या असतीलच असं नाही. घरी येऊन तुम्ही दोन्ही मुद्रणं जोडलीत. सुरुवात नेमकी जुळवलीत. मात्र तासाभराने दोहोंत सुमारे ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडलेलं असतं. इतक्या वेळात आवाज जवळजवळ पंचवीस मीटर जातो. म्हणजे ढोलकीवाला हळूहळू मागे सरकत मांडवाबाहेर जाऊन बसला, असं समजा! आधी आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो आणि शेवटी थाप दोनदा ऐकू येते.

पूर्वी आपण आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ‘पिप्-पिप्’वर घड्याळ लावायचो. लावलं की वेळ बरोबर, पण आठवड्याने ते पुन्हा मागे किंवा पुढे. वेळ जुळवणं वेगळं आणि चाल जुळवणं वेगळं. स्टुडिओत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. टाइमकोड सांगतो, ‘आता किती वाजले’: तास, मिनिटं, सेकंद आणि आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम. वर्ड क्लॉक वेळ सांगतच नाही, ते फक्त ठोका देतं. वल्ही मारताना एकाने आवाज द्यावा आणि बाकीच्यांनी त्यावर हात चालवावेत, तसं. नुसत्या टाइमकोडवर सुरुवात जुळेल, चाल जुळेलच असं नाही.

यंत्रं डिजिटल केबलने एकमेकांना जोडलेली असतील तर घोटाळा लगेच कळतो. एक यंत्र मोजमापं देतंय आणि दुसरं वेगळ्या चालीने घेतंय, म्हणजे मधूनच एखादं मोजमाप सांडणार किंवा दोनदा घेतलं जाणार. वर सांगितलेल्या फरकाला हे साधारण सेकंदाला एकदा होतं आणि गाण्यात टिक्-टिक् ऐकू येते. मग लोक माइक बदलतात, वायरी हलवतात. दोष मात्र ठोक्यात असतो. उपाय साधा आहे: एकच यंत्र मालक, बाकी सगळ्यांची मांडणी ‘बाहेरचं घड्याळ’ अशी. दोन मालक नकोत. घड्याळाची केबल एकामागून एक यंत्रांतून नेली असेल, तर शेवटच्या टोकाला ७५ ओहमचा टर्मिनेटर हवा. महागडी वेगळी घड्याळपेटी घेतली की आवाज गोड होतो, असं विकणारे सांगतात. छोट्या स्टुडिओत मुख्य कन्व्हर्टरचा स्वतःचा स्फटिक बहुधा पुरतो. तो पैसा चांगल्या माइकवर घालावा.

एक यंत्र ४४,१०० वर आणि दुसरं ४८,००० वर राहिलं, तर गंमतच होते. पांढरी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं. गाणारी बाई बिचारी सुरातच असते!

मांडवात नेण्याजोग्या छोट्या रेकॉर्डरना बहुधा घड्याळाची केबल जोडता येत नाही. तिथे सिनेमावाल्यांचीच युक्ती, पण दुहेरी. सुरुवातीला एक खणखणीत टाळी आणि बंद करण्यापूर्वी दुसरी, दोन्ही यंत्रं जवळ ठेवून. मध्ये कुठलंही यंत्र थांबवायचं नाही. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही मुद्रणांत मोजा. जो फरक निघेल तेवढं एक मुद्रण संगणकावर ताणा किंवा आवळा. ताणायचं ते ढोलकीचं. बायकांच्या आवाजाला हात लावू नका.