कंपनीचा पत्ता आणि मालकाचा पत्ता

पुण्यात, नाशकात घरी बसून परदेशी गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअर किंवा डिझाइन करणाऱ्या तरुणांना आज एकच सांगायचंय. कंपनी कुठे नोंदवायची हे नंतर ठरवा, आधी तुम्ही स्वतः राहता कुठे ते पाहा. एस्टोनियाने 2014 साली ई-रेसिडेन्सी सुरू केली, म्हणजे परदेशी माणसाला घरबसल्या तिथे कंपनी काढू देणारं डिजिटल ओळखीचं कार्ड. तिथे नफा कंपनीतच ठेवला तर कर नाही, हे खरं आहे. पण ते कार्ड मिळालं म्हणून तुम्ही तिथले रहिवासी होत नाही. वर्षात 182 दिवस भारतात काढलेत, की तुमचं जगभरातलं उत्पन्न साधारणपणे इथेच करपात्र. विहीर लांबच्या गावात खणली, पण पीक आपल्याच वावरात, असला हा प्रकार. विहिरीचा सातबारा तिथे, पाट आणायचा खर्च तुमचा, आणि पिकाचा हिशेब मागायला तलाठी इथलाच!

अमेरिकेतल्या डेलावेअरचंच घ्या. तिथल्या एलएलसीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला, राज्याला दरवर्षी 300 डॉलर द्यावे लागतात. मालक एकटा आणि परदेशी असेल तर तिथे कर शून्य असला, तरी अमेरिकन कर खात्याचा फॉर्म 5472 भरावाच लागतो. तो राहिला तर दंड 25,000 डॉलर. इकडे त्याच कंपनीतला हिस्सा आणि तिचं बँक खातं आपल्या विवरणपत्रात दाखवायचं. लपवलंत, तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याने 10 लाखांचा दंड होऊ शकतो. म्हणजे पाटही दोन आणि तलाठीही दोन. कोणी म्हणेल, अमेरिकन गुंतवणूकदार डेलावेअरचीच कंपनी मागतात. मागतात, आणि तसा गुंतवणूकदार खरोखर दारात उभा असेल तर जरूर काढा. पण दोन-चार गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या धंद्याला त्याची गरज काय? इथून दिलेली सेवा निर्यात ठरली, तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दाखल करून जीएसटी न लावता बिल करता येतं. ही सोय किती जणांनी वापरून पाहिलीय?

वेळ संपत आला, दुबईबद्दल एवढंच. तिथेही जून 2023 पासून 3,75,000 दिरहमवरच्या नफ्यावर 9 टक्के कंपनी कर आलाय. आणि तिथे राहायला न जाता नुसती पाटी लावली, तर पुन्हा तेच, राहता कुठे? माझी कळकळीची विनंती आहे: नोंदणीचे पैसे भरण्याआधी आपल्या सीएला विचारा, मी इथेच राहणार असेन तर माझा कर नेमका किती वाचेल? आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या.