औषध आणि अभय

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महाल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एचआयव्हीसारखा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. आपल्या आचार्यांनी श्रावकासाठी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषध आणि अभय या विषयात एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, म्हणून हा विषय निवडला.

भारतात या विषाणूची बाधा प्रथम १९८६ मध्ये आढळली. पुढे दहा वर्षांनी पाश्चात्त्य देशांत परिणामकारक संयुक्त उपचार आला, परंतु त्याचा वार्षिक खर्च एका रुग्णामागे दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि गरीब देशांना आशा वाटू लागली. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाची मोफत औषधयोजना सुरू झाली. महाराष्ट्रात आरंभ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून झाला. विदर्भातील खेडुताला ते औषध मोफत असूनही आठशे किलोमीटर दूर होते! कालांतराने आपल्या मेडिकलमध्ये, मेयोमध्ये व जिल्हा रुग्णालयांतही एआरटी केंद्रे झाली. २०१७ पासून निदान होताच, रक्तातील पेशींची संख्या कितीही असो, औषध सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. देशातील एड्सचे मृत्यू २०१० च्या तुलनेत तीन-चतुर्थांशांहून अधिक घटले आहेत.

मग खेड्यातला रुग्ण आजही का दगावतो? औषध नसते म्हणून नव्हे. तो उशिरा येतो, किंवा येणे मध्येच थांबवतो. महिनोन्महिने ताप, खोकला, वजन घटणे चालू असते. गावातील उपचार, अंगारे-धुपारे होतात. आणि रक्ततपासणी होईपर्यंत क्षयरोगाने फुप्फुसे पोखरलेली असतात. या रुग्णांचा सर्वात मोठा काळ क्षयच आहे. दुसरे कारण खंड पडण्याचे. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालयच सुमारे दोनशे किलोमीटर. एका खेपेत दोन दिवसांची मजुरी बुडते. पेरणीच्या वा कापूसवेचणीच्या दिवसांत ती बुडवणे परवडत नाही. खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

एस.टी. महामंडळाने या रुग्णांना प्रवाससवलत दिली आहे, ही चांगलीच गोष्ट. पण ती घ्यायची तर वाहकापुढे कार्ड काढावे लागते, आणि गाडीत निम्मे गाव बसलेले असते. म्हणून कित्येकजण पूर्ण भाडे मोजतात. कित्येकजण जवळचे केंद्र सोडून, कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून, मुद्दाम नागपूर गाठतात. भीतीचे हे भाडे कोणत्याच योजनेत धरलेले नाही.

स्त्रियांचे दुःख याहून खोल आहे. गरोदरपणी तपासणी होते म्हणून पुष्कळ घरांत बाधा प्रथम सुनेलाच कळते आणि दोषही तिच्याच माथी येतो. पती गेल्यावर घर आणि शेत दोन्ही हातचे जाते. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, उपचार, शिक्षण यांतील भेदभावाला त्याने बंदी केली आहे. परंतु सासरच्या उंबरठ्यावर कायदा पोचायला वेळ लागतो.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी तिसरे निर्विचिकित्सा, म्हणजे रुग्णदेहाविषयी किळस न बाळगणे. त्याचे उदाहरण म्हणून आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात उद्दायन राजाचे नाव घेतले आहे. व्याधिग्रस्त मुनीच्या रूपात आलेल्या देवाने आहार घेऊन वमन केले, तेव्हा राजाने ते स्वहस्ते स्वच्छ केले, ही कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. पाचवे अंग उपगूहन, दुसऱ्याचे उणे झाकणे. आज रुग्णाचे नाव गुप्त राखण्याला कायदा जे म्हणतो, ते आपल्याकडे व्रत होते.

‘आपल्या समाजात हा रोग नाही’ असे कृपया म्हणू नका. ते वाक्य ऐकणारा एखादा साधर्मी उद्या तपासणीला जाणार नाही. आणि जो औषध घेत असेल, त्याच्यासाठी एक सूचना: पर्युषणात उपवास असला तरी गोळी चुकवू नये. सध्याची प्रचलित गोळी जेवणाविनाही घेता येते. चौविहार पाळणाऱ्याने डॉक्टरांना सांगून सकाळची वेळ ठरवून घ्यावी. निर्जळ उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी मात्र त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर तो शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागत नाही.

न्यासापाशी माझे मागणे लहान आहे. मेयो महालापासून फार दूर नाही. खेड्यातून औषधासाठी आलेल्या कोणत्याही जातिधर्माच्या रुग्णाला व सोबत्याला एका रात्रीचा निवारा आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन मिळावे. बुडालेल्या मजुरीपोटी औषधनिधीतून काही रक्कम हाती द्यावी, आणि पावतीवर केवळ ‘प्रवासखर्च’ लिहावे. मुक्कामाच्या वहीत नाव, गाव आणि तारीख असावी. आजाराचा रकाना नसावा.